मुकी घंटा

पहिले पाच आठवडे मी जी घंटा वाजवत होते, ती वाजतच नव्हती. तिचा लोळा दोरीने आवळून बांधलेला होता. मी खाली दोर ओढायचे, डोक्यावर एक मजला सोडून अडीचशे किलोंचं धूड एक पूर्ण गिरकी घ्यायचं, आणि ऐकू काय यायचं, तर लाकडाची करकर आणि दोराची सळसळ. नवशिक्याच्या हातची घंटा गावाने तासतासभर का म्हणून ऐकावी, असा त्यामागे साधा हिशेब. पुण्याहून आईचा दर रविवारी फोन. "वाजली का गं तुझी घंटा?" "नाही, अजून मुकीच आहे." "मग पैसे कसले घेतात?" पैसे घेतच नाहीत म्हटल्यावर तिचा संशय आणखी वाढला.

ही घंटा एका चर्चची. हे चर्च इंग्लंडच्या पूर्वेला, सफकमधल्या एका खेड्यात, इप्सविचपासून गाडीने वीस मिनिटांवर. गावाचं नाव लिहीत नाही. मी तिथे एक मोडतोड करून ठेवली आहे, ती पुढे येईलच. नवऱ्याची नोकरी मार्टलशमच्या टेलिकॉम संशोधन केंद्रात. मी घरून हिशेबाची कामं करते.

सुरुवात झाली ती ९ सप्टेंबर २०२२ला. एलिझाबेथ राणी आदल्या दिवशी गेली होती. दुपारी बाराला भाजीच्या पिशव्या घेऊन चर्चवरून येत होते, तर वरून टोल पडायला लागले. पण आवाज असा, की कोणीतरी घंटेला गोधडी गुंडाळली आहे. मध्ये बराच वेळ जायचा आणि मग पुन्हा तो दबका ठोका. लोळ्याला चामड्याची गादी बांधतात म्हणून तसा येतो, हे नंतर कळलं. त्या दिवशी मी पिशव्या खाली ठेवून कठड्यावर बसले आणि मला भलतंच आठवलं: गुरुवार पेठ, आमची गच्ची आणि नाताळची रात्र.

माझं माहेर पंचहौदाजवळ. तिथल्या चर्चचा मनोरा आमच्या गच्चीतून दिसायचा. घरात 'पंचहौद मिशन' म्हटलं की विषय निघायचा तो मात्र चहाचा. १८९० साली टिळक, रानडे आणि पुण्यातली बरीच बडी मंडळी मिशनमध्ये गेली, पुढ्यात चहा आला, आणि त्या चहावरून ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. आजोबा हा किस्सा चहा पिता पिताच सांगायचे. घंटांबद्दल कोणी कधी अवाक्षर काढलं नाही. त्या मनोऱ्यात लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत आणि त्या इंग्लंडातल्यासारख्या चाकावर फिरणाऱ्या आहेत, हे मला सफकमध्ये कळलं. मी पुण्याची म्हटल्यावर इथल्या कॅप्टनबाई म्हणाल्या, "पूना? पूनाला आठ आहेत!" माझ्या गावाची ओळख शनिवारवाड्याने नाही, विद्यापीठाने नाही, नुसत्या एका आकड्याने पटणारी ही पहिलीच बाई.

टॉवर कॅप्टन म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांची म्होरकी. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, हात सुताराचे असावेत तसे. मे २०२३मध्ये चार्ल्स राजाचा राज्याभिषेक होता आणि त्या दिवशी देशभर घंटा वाजवायच्या तर माणसं कमी, म्हणून नवे लोक गोळा करायची मोहीम चालली होती. दुकानाच्या काचेवर तसा कागद पाहिला आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी जाऊन उभी राहिले. धर्म विचारतील म्हणून मी मनात उत्तर घोळवून ठेवलं होतं. बाईंनी विचारलं, "पाऊण तास उभं राहता येतं? सहापर्यंत मोजता येतं?"

टॉवरबद्दल थोडं सांगायला हवं. सफकमध्ये बांधकामाला म्हणावा असा दगड नाही. आहेत त्या शेतातून आणि खडूच्या थरांतून निघणाऱ्या गारगोट्या, मुठीएवढ्या, बटाट्यासारख्या वेड्यावाकड्या. चुन्यात त्या रचून भिंत उभी करायची, आणि कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, दाराची कमान एवढ्यापुरता घडीव दगड लांबून आणायचा. म्हणून इथली चर्चं दुरून करड्या ठिपक्यांची दिसतात. पण ज्या गावाकडे पैसा होता, तिथे एक खास काम पाहायला मिळतं. गारगोटी फोडली की आतून काळी, काचेसारखी चकचकीत निघते. ते काळे तुकडे पांढऱ्या दगडात कोरलेल्या नक्षीत असे बसवतात, की हात फिरवला तर सांधा लागत नाही. आमच्या टॉवरच्या पायथ्याशी अशी फूटभर उंचीची पट्टी आहे. त्यापलीकडे गावाची ऐपत गेली नसावी. कोपऱ्यांना धिरे, माथ्यावर किल्ल्याला असतात तशा चर्या. चर्या निव्वळ शोभेच्या. तिथून कोणी कोणावर कधी बाण सोडला नाही.

एका संध्याकाळी उजेड तिरपा असताना कॅप्टनबाईंनी मला बाहेर नेऊन भिंत दाखवली. नीट पाहिलं तर गारगोट्यांचा आकार नि चुन्याचा रंग ठरावीक उंचीवर जरासा बदलतो, पुन्हा वर जाऊन बदलतो. "एकेक उन्हाळा," त्या म्हणाल्या. चुन्याचं काम थंडीत करता येत नाही, ओला चुना गोठला की फुटतो. त्यामुळे हिवाळ्यात भिंत वरून झाकून ठेवायची आणि वसंतात पुन्हा चढवायची. याचा लेखी पुरावाही सफकमध्येच आहे. किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक गावाने १४२६ साली दोन गवंड्यांशी केलेला करार टिकून राहिला आहे. टॉवर आत बारा फूट रुंद, भिंती सहा फूट जाड, भिंतीचं काम अमुक गावच्या टॉवरसारखं, पश्चिमेचं दार तमुक गावच्या दाराइतकं चांगलं. काम २५ मार्च ते २९ सप्टेंबर एवढ्याच काळात करायचं. मजुरी उंचीवर: दर यार्डाला ४० शिलिंग. शिवाय दरवर्षी हेरिंग माशांचं एक पिंप आणि दोघांना एकेक अंगरखा. मला हे वाचून बलुतं आठवलं. आणि शेजारच्या गावाचं दार दाखवून 'आम्हाला तस्संच पाहिजे' म्हणणारे गिऱ्हाईक कुठल्याही काळातल्या कंत्राटदाराला नवे नसावेत. मी बिल्डरांचे हिशेब करते, मला माहीत आहे.

आत शिरलं की भिंतीतच बसवलेला गोल जिना. पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या, आणि हाताला कठडा म्हणून एक दोर. पहिल्या मजल्यावर वादकांची खोली: सहा दोर छतातून खाली आलेले, भिंतीवर जुन्या कामगिऱ्यांच्या पाट्या, कोपऱ्यात किटली. त्यावर घड्याळाची खोली आणि त्यावर घंटा. तिथे पहिल्यांदा जाण्याआधी बाईंनी दोनदा बजावलं, की घंटा 'वर' असताना त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. 'वर' म्हणजे तोंड आभाळाकडे करून तोलावर उभी. चुकून धक्का लागला तर ती आपली खाली येते, आणि वाटेत जे असेल त्याचं काही खरं नाही.

आम्ही गेलो तेव्हा सगळ्या खाली होत्या. ओकच्या जाडजूड तुळयांच्या चौकटीत सहा घंटा, प्रत्येकीच्या बाजूला तिच्याहून मोठं लाकडी चाक. खिडक्यांना काचा नाहीत, तिरप्या फळ्या. त्यातून आवाज बाहेर जातो आणि पाऊस बाहेर राहतो. निदान तसा बेत असतो. सगळ्यांत मोठी घंटा पंधराव्या शतकातली, नॉरिचच्या ब्रेझियर घराण्याच्या भट्टीतली. खांद्यावर अक्षरं आहेत. धूळ पुसून, बोटांनी चाचपत एकेक अक्षर लावावं लागलं. लॅटिन मला येत नाही. बाईंनी वाचून दाखवलं: हाक इन कॉनक्लावे, गाब्रिएल, नुंक पांगे सुआवे. म्हणजे, या दालनात, गॅब्रिएला, आता गोड निनाद कर. गॅब्रिएल हा देवदूत, आणि घंटेला त्याचंच नाव. ब्रेझियरांच्या बऱ्याच घंटांवर हीच ओळ सापडते, त्यामुळे ती आमच्याच गावासाठी रचली होती असं नाही. तरी घंटेला 'आता बोल' असं तिच्याच अंगावर लिहून ठेवणं मला फार आवडलं. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडचा पंथ बदलला, चर्चांमधल्या मूर्ती फोडल्या, भिंतीवरच्या चित्रांना चुना फासला. वर अंधारात टांगलेला हा गॅब्रिएल राहून गेला.

मी तळहात घंटेवर ठेवला. गार. धातू म्हणजे साधारण ७७ भाग तांबं आणि २३ भाग कथील, बाईंनी सांगितलं. म्हणजे कासं. आपल्याकडचं कासंही थोड्याफार फरकाने हेच. आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, वाटीखालचं तूप काळं झालं की 'बघ, उष्णता निघाली' म्हणायची. ती वाटी हातून फरशीवर पडली की टण्ण असा आवाज घरभर घुमायचा. कथील इतकं घातलं की धातू ठिसूळ होतो पण गातो. घंटा चिरते ती याच ठिसूळपणामुळे, नि एकदा चिरली की वितळवून पुन्हा ओतण्यावाचून गत्यंतर नसे. खराब रस्त्यांवरून एवढं वजन न्यायचं कसं, म्हणून जुन्या काळी ओतारी कित्येकदा गावात येऊन चर्चच्या आवारातच खड्डा खणत. साचा मातीचा, त्यात घोड्याची लीद आणि जनावराचे केस कालवलेले.

वजनाचा हिशेबही गमतीचा. अजून हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंडात बोलतात. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, आपले जवळजवळ ५१ किलो. सोनार तोळा-मासा सोडत नाही, तशातली गत. गॅब्रिएल अकरा हंड्रेडवेट. मला शिकायला दिलेली दोन नंबरची घंटा पाच.

आता वाजवण्याचं. आपल्या देवळात घंटा जागची हलत नाही. आपण हात वर करून लोळा हलवतो, टण्ण, झालं. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चांमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात त्यातलीच एक. तीही आता आपल्या रीतीने वाजते. इथे उलटं आहे. इथे घंटाच फिरते. तोंड वर करून उभी असते, दोर ओढला की तोलावरून कलते, खाली येऊन पूर्ण फेरी मारून पुन्हा तोंड वर करून दुसऱ्या बाजूला थांबते. फेरीगणिक एक टोल. मग उलट दिशेने तशीच फेरी. पहिल्या ओढीला दोरावरचा लोकरीचा जाड पट्टा धरायचा, तिरंगी, मांजराच्या शेपटीसारखा मऊ, त्याला सॅली म्हणतात. ती ओढली की लगेच सोडायची. दोराचं टोक हातात राहतं आणि दोन्ही हात डोक्यावर ताणून वर जातात. तिथून दुसरी ओढ. सॅली परत खाली येते, ती झेलायची. सोडायची विसरलात तर घंटा तुम्हाला घेऊन वर जाते. विनोद नाही, हाडं मोडतात.

बाई माझ्यासमोर उभ्या राहायच्या, दोर दोघींच्या हातात. पहिले दोन आठवडे मी फक्त दुसरी ओढ करायची, सॅली त्यांची. मग उलट. मग दोन्ही. आणि दर दोन मिनिटांनी एकच वाक्य: "तू फार ओढतेस." मला पटायचं नाही. अडीचशे किलो वर फिरवायचे म्हणजे ओढायला नको?

घंटा तोलाच्या फार पलीकडे जाऊ नये म्हणून वरती एक अडसर असतो, अॅशच्या लाकडाचा दांडा, त्याला स्टे म्हणतात. चौथ्या आठवड्यात, बाईंनी दोर पहिल्यांदा पूर्ण माझ्या हाती दिला होता, आणि मी जोर लावून दाखवायचा म्हणून दाखवला. वर फटाका फुटल्यासारखा काड्‌कन आवाज झाला. बाई ओरडल्या, "सोड!" मी सोडला. दोर सापासारखा छतातल्या भोकाकडे सळसळत गेला, सॅली वर आपटली, घंटा आणखी दोन-तीन फेऱ्या तशीच फिरली. लोळा बांधलेला असल्याने सगळं जवळजवळ निःशब्द, हे आणखीच भयानक. माझे पाय लटपटत होते. एक चौदा वर्षांचा मुलगा, जो माझ्याहून पाचपट चांगला वाजवतो, शांतपणे म्हणाला, "अभिनंदन."

स्टे मोडण्यासाठीच असतो. तो मोडला नाही तर चौकट मोडेल, चाक मोडेल. शनिवारी कॅप्टनबाईंच्या नवऱ्याने नवा बसवला. मी नुकसान भरून देते म्हटलं तर त्यांनी तुटलेला दांडा माझ्या हातात दिला, त्यावर त्या दिवसाची तारीख पेनने लिहिलेली. आमच्या दिवाणखान्यात आहे तो. पाहुणे विचारतात.

पण बाईंच्या लक्षात आलं, की वर काय होतंय हे मला दिसत नाही आणि म्हणून कळत नाही. रविवारी त्या मला ईस्ट बर्गहोल्टला घेऊन गेल्या. चित्रकार कॉन्स्टेबलचं जन्मगाव. तिथल्या चर्चचा टॉवर सोळाव्या शतकात सुरू झाला आणि अर्धवट राहिला. गावात सांगतात, की पैसे देणारे कार्डिनल वूल्सी राजाच्या मर्जीतून उतरले आणि काम थांबलं. वूल्सी इप्सविचचेच, एका खाटकाचा मुलगा. घंटा तर तयार, त्या ठेवायच्या कुठे, म्हणून १५३१मध्ये आवारात लाकडी पिंजरा बांधला, तात्पुरता. आपल्याकडच्या तात्पुरत्या शेडसारखाच तो अजून आहे. पाच घंटा, एकूण वजन चार टनांच्या वर, जमिनीच्या पातळीवर. चाक नाही, दोर नाही. माणसं शेजारी उभी राहून घंटा ज्या लाकडी आडव्याला टांगली आहे त्यालाच हाताने ढकलतात.

तिथे मी पहिल्यांदा टनभराची घंटा तोंड वर करून उभी असलेली पाहिली, हातभर अंतरावर. एक बारकेसे आजोबा तिच्या आडव्यावर तळहात ठेवून उभे होते, जसं कोणी म्हशीच्या पाठीवर ठेवतं. इशारा झाल्यावर त्यांनी ढकललंसुद्धा नाही, नुसता हात जरा पुढे नेला. ती स्वतःच्याच वजनाने गेली, आली, आणि माथ्याशी येताना हळू, हळू, अगदी थांबल्यासारखी झाली. त्या क्षणी आजोबांनी पुन्हा बोटं टेकवली. सगळी ताकद तळाशी, जिथे हात लावायची सोयच नाही. माथ्यावर काही वजनच नाही. पुढच्या मंगळवारी मी दोर धरला आणि त्या शेवटच्या हळू होण्याची वाट पाहिली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वर जाऊन लोळ्याची दोरी सोडली.

मग सुरू झालं सहाजणांत मिसळणं. ट्रेबल म्हणजे सगळ्यांत बारीक आवाजाची घंटा, ती धरणारा म्हणतो, "लुक टू!" सगळे दोर ताणतात. "ट्रेबल्स गोइंग," आणि मग, "शीज गॉन." इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं, पण घंटा मात्र 'शी'. मराठीत घंटा बाईच असल्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा, बारीक ते जाड, दोन सेकंदांत एक ओळ. पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. आणि मग एक रिकामी जागा. माझा पहिल्यांदा गोंधळ उडाला तो इथे. बारा टोल, तेरावा कोणाचाच नाही, मग पुन्हा पहिला. वडिलांच्या भजनी मंडळात मी लहानपणी टाळ धरला आहे, त्यामुळे चक्रात एक मात्रा राखून ठेवायची म्हणजे काय हे अंगात होतं; पण ती न वाजवता, सहा जणांनी मिळून मोजायची, हे नवं. मी बोटांवर मात्रा धरायला लागले आणि बसलं. चौदा वर्षांच्या बाळाला सांगितलं, की मी तेराचा ताल धरते, तर तो म्हणाला, त्यात काय, सगळेच धरतात. डेव्हनकडचे बरेचजण म्हणे ही जागा सोडतच नाहीत. त्यांचं नाव काढलं की आमच्याकडे भुवया वर जातात.

इथे धून वाजवत नाहीत. कोणाला घंटेवर गाणं वाजवायचं नसतं, कारण वाजवता येतच नाही. एवढं वजन फिरतं ठेवायचं, तर आपली घंटा आधीच्या फेरीपेक्षा थोडी लवकर किंवा थोडी उशिरा आणता येते, बस्स. म्हणजे ओळीत आपली जागा एका घराने पुढे किंवा मागे, शेजारणीशी अदलाबदल. या एका अडचणीतून सतराव्या शतकातल्या लोकांनी अख्खं शास्त्र उभं केलं: दर ओळीला क्रम बदलायचा, कोणतीही ओळ पुन्हा यायची नाही, आणि शेवटी परत सरळ एक-दोन-तीनवर यायचं. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. आठांचे ४०,३२०, ते सगळेच्या सगळे १९६३ साली लफबरोला आठ जणांनी बदली न घेता वाजवले, जवळजवळ अठरा तास. सातांचे पूर्ण ५०४० पहिल्यांदा वाजले ते इथून जवळ, नॉरिचला, २ मे १७१५ रोजी, तीन तासांच्या वर.

५०४० हा आकडा ऐकून मी थबकले. कुठेतरी भेटला होता. माझी एक मैत्रीण गाणं शिकते, तिला फोन लावला. तिने हसून सांगितलं, अगं, कूटतानांची संख्या! तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सात स्वरांचे सगळे क्रम मोजले आहेत: ५०४०. शिवाय एखादा क्रम कितवा, किंवा अमुकावा क्रम कोणता, हे काढायचा खंडमेरू नावाचा तक्ताही दिला आहे. दौलताबादच्या किल्ल्याखाली केलेला हिशेब आणि नॉरिचच्या टॉवरमध्ये घामाघूम होऊन ओढलेला हिशेब, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मी मंगळवारी हे सांगितलं. कॅप्टनबाई म्हणाल्या, "पण त्यांनी वाजवले का सगळे?" ते काही मला सांगता आलं नाही.

राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ मे रोजी, पाऊस होता. मी दोन नंबरच्या घंटेवर वीस मिनिटं सरळ ओळी वाजवल्या, एकदाही चुकले नाही, आणि खाली आल्यावर गावातल्या कोणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. जून महिन्यात आम्ही सगळे लॅव्हनमला गेलो. तिथल्या मोठ्या घंटेचा २१ जूनला वाढदिवस करतात. कोलचेस्टरच्या माइल्स ग्रेने ती १६२५ साली ओतली. इंग्लंडात हिच्यासारख्या सुराची दुसरी नाही असं जाणकार म्हणतात. मी काही जाणकार नाही, पण रस्त्यात उभं राहून ऐकताना तिचा आवाज संपला कधी ते मला सांगता येईना. टॉवर १४१ फूट. तो लोकरीच्या कापडाच्या पैशांतून उभा राहिला आणि ते लपवायचा कोणी प्रयत्नही केलेला नाही: स्प्रिंग नावाच्या कापडवाल्याच्या घराण्याचं चिन्ह माथ्यावर पुन्हा पुन्हा कोरलं आहे. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरायची आपली चाल मला एकदम सभ्य वाटली.

नोव्हेंबरात ठरलं, की मी आता क्वार्टर पील करायचा. १२६० क्रम, पाऊण तास, न थांबता. मला ट्रेबल दिली, म्हणजे सोपी वाट: पाच घंटांमधून एकेक घर मागे जात शेवटी पोचायचं, तिथे दोनदा थांबायचं, एकेक घर पुढे यायचं, आणि अशा १२६ फेऱ्या. बाकीचे चौघे अवघड वाट धरणार आणि गॅब्रिएल प्रत्येक ओळीच्या शेवटी सहावा ठोका देत राहणार. मी घरून निघताना नारळाच्या वड्या करून नेल्या, यश मिळाल्यावर वाटायला.

पंचवीसेक मिनिटं छान गेली. खोली जराशी डुलत होती. टॉवर घंटांबरोबर हलतोच, पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून बाईंनी ते दाखवलं होतं, आता काही वाटत नव्हतं. हात आपोआप चालले होते. आणि मग, बहुधा इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मी मोजायचं सोडून ऐकायला लागले. गॅब्रिएल खाली कुठेतरी तळाशी, आणि त्याच्यावरून बाकीच्या पाण्यासारख्या सरकताहेत, दर ओळीला वेगळ्या. किती सुंदर, असं मनात आलं, आणि मी तिसऱ्या घरात की चौथ्या, ते गेलं. "ट्रेबल, थर्ड्स!" बाई ओरडल्या. मी चौथ्यात घुसले. दोन घंटा एकमेकींवर आदळल्या, तिसरी बिचकली. तीन ओळी नुसती भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज, आणि मग बाईंचं "स्टँड."

सहा घंटा एकेक करून थांबल्या. कोणी काही बोललं नाही. कॅप्टनबाईंनी दोर गुंडाळला आणि किटली लावली. त्यांच्या वहीत फसलेल्या प्रयत्नांची नोंद होत नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी काही घडलंच नाही असं कागदोपत्री आहे. वड्या मात्र संपल्या. चौदा वर्षांच्या बाळाने रिकामा डबा परत देताना विचारलं, "पुढच्या वेळीही आणशील ना? जमलं नाही तरी?"